क्रोमच्या बंपरवरचा गंज : घरातल्या वस्तूंनी खरंच निघतो का?

गंजीफा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं झाकून ठेवलेली एक जुनी गाडी चालती करायचं मनावर घेतलंय. इंजिन, ब्रेक वगैरे जाणत्या माणसाच्या हातात आहेत, त्यात मी नाक खुपसत नाही. माझ्या वाट्याला आलंय ते बाहेरून चकाचक करायचं काम. रंग धुऊन-पुसून बरा दिसायला लागला, पण क्रोमने पार निराशा केली. पुढच्या बंपरवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके, मागच्या बंपरच्या खालच्या कडेला सलग पट्टा आणि आरशाच्या दांड्यावर खरबरीत कवच. हेडलाइटभोवतीच्या कड्यांवर मात्र तपकिरी काहीच नाही, नुसते पांढुरके फोड आहेत.

शोधाशोध केली तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, व्हिनेगर, कोला, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि एका महाभागाने तर कापलेला बटाटा. यातलं खरंच काय चालतं आणि कशाने क्रोमची वाट लागते? महागडं पॉलिश आणण्याआधी घरातलं वापरून बघावं म्हणतोय. स्वतः करून पाहिलेल्यांनी लिहा, प्लीज.

तिरकस
रुमाल टाकून ठेवतो. बटाटा वाचून भूक लागली, जेवून येतो.

खटपट्या
फॉइल. डोळे झाकून फॉइल. बाकी सगळं नंतर.

आधी साबणाच्या पाण्याने बंपर नीट धुवा. ही पायरी गाळू नका, कारण धूळ-वाळू राहिली तर तुम्ही फॉइलने नाही, वाळूने घासताय असं होतं आणि ओरखडे पडले की दोष बिचाऱ्या फॉइलला. मग तळहाताएवढा तुकडा फाडा, सैलसर चुरगळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. जोर लावायचा नाही. सुरुवातीला करकर आवाज येतो, हाताला खरखर लागते. थोड्या वेळाने फॉइलखाली राखाडी-तपकिरी चिखल जमतो आणि आवाज बदलतो, बोळा सुळकन सरकायला लागतो. तिथला गंज गेला असं समजा. बोळ्याच्या कडा चपट्या आणि काळ्या पडल्या की नवा तुकडा घ्या. तोच बोळा रेटत बसणारे लोक मग 'फॉइलने काही होत नाही' म्हणून सांगत फिरतात.

शेवटी ओल्या फडक्याने चिखल पुसा, धुवा, पूर्ण कोरडं करा. धातू उन्हात तापलेला असताना हे करू नका, चिखल जागच्या जागी वाळतो आणि डबल काम होतं.

मीनल_के
फॉइलची चकचकीत बाजू बाहेर ठेवायची की आत?

स्पॅनर_दहा
कुठलीही. फॉइल फार पातळ असल्यामुळे शेवटच्या वेळी दोन थर एकत्र करून रुळांमधून काढतात. जी बाजू रुळाला लागते ती चकचकीत, जी दुसऱ्या थराला लागते ती मंद. धातू तोच, गुण तोच.

तिरकस
म्हणजे 'चकचकीत बाजू वर की खाली' यावरून आमच्या घरात झालेली सगळी भांडणं फुकट गेली?

मीनल_के
तिरकस, भांडणं कधी फुकट जात नाहीत. पुढच्या भांडणात कामी येतात.

धूमकेतू
फॉइलमागे शास्त्र आहे बरं का. अ‍ॅल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि गंजाचं परत लोखंड होतं. हीच थर्माइटची प्रक्रिया, ज्याने रेल्वेचे रूळ जोडतात.

रसायनी
धूमकेतू, कागदावर समीकरण बरोबर आहे, पण बंपरवर ते तसं घडत नाही. थर्माइट पेटवायलाच प्रचंड उष्णता लागते. नाहीतर फॉइल घासता घासता बंपरची वेल्डिंग झाली असती.

पाण्याच्या साक्षीने अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यात थोडीफार विद्युत-रासायनिक देवघेव होते, ती मी नाकारत नाही. पण मुख्य काम आहे घासण्याचं. गंज हा भुसभुशीत, सच्छिद्र थर असतो, तो चुरगळलेल्या कडांनी सुटतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतोच. तो ऑक्साइड फार कठीण, पॉलिश पेपरवर लावतात तोच. घासताना त्याचे बारीक कण त्या चिखलात येतात आणि आयती पॉलिश पेस्ट तयार होते.

क्रोमला ओरखडे का पडत नाहीत, तर कठीणपणाच्या मोह्स मापावर क्रोमियम साधारण ८.५ आणि अ‍ॅल्युमिनियम २.७५. काचसुद्धा ५.५ च्या आसपास असते.

पण धागाकर्त्यांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, त्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

निवांत
एवढा खटाटोप कशाला? संडास साफ करायचं लिक्विड ओता, पाच मिनिटांत गंज साफ. आमच्या शेजाऱ्यांनी मोटरसायकलच्या सायलेन्सरवर केलं होतं. मस्त चमकला.

स्पॅनर_दहा
निवांत, त्या सायलेन्सरचं पुढे काय झालं तेही विचारून या.

निवांत
विचारलं. महिन्याभरात पूर्ण तपकिरी झाला म्हणे. पण सायलेन्सर तसाही गरम होतोच, त्यामुळे झाला असेल.

रसायनी
आलो. आधी निवांत यांच्या लिक्विडबद्दल, कारण ते धोक्याचं आहे.

संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते गंज विरघळवतं हे खरं, पण ते क्रोमियमही विरघळवतं. प्लेटिंगच्या कारखान्यात जुनं क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात! वर त्यातलं क्लोराइड बारीक छिद्रांत शिरून बसतं आणि आतलं लोखंड खात राहतं. म्हणजे पाच मिनिटं चमक आणि नंतर दुप्पट गंज. बाटलीवरची घटकांची यादी वाचा. आणि कुठल्याही परिस्थितीत ते ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. तो फुफ्फुसांचा सत्यानाश करतो. यात चेष्टा नाही.

आता गृहीतक. आपण म्हणतो 'क्रोमला गंज लागला'. क्रोमला गंज लागत नाही. क्रोमियमवर स्वतःच्या ऑक्साइडचं अदृश्य कवच असतं, ते खरवडलं तरी लगेच पुन्हा तयार होतं. गंजतं ते खालचं लोखंड. बंपर म्हणजे पोलादी पत्रा, त्यावर कधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. यातला जाड थर निकेलचा, साधारण १० ते ४० मायक्रॉन. क्रोम असतं जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात धरला तर हा थर त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. चमक आणि कठीणपणा क्रोमचा, पण पाणी अडवायचं खरं काम निकेलचं.

क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. तिथून पाणी आणि मीठ निकेलपर्यंत जातं. निकेलला कुठे भोक पडलं की पोलादाची पाळी. निकेल आणि लोखंड एकमेकांना चिकटलेले, त्यात पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. त्या जोडीत बळी जातो लोखंडाचा, तोही नेमका त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेत. म्हणून ठिपका वरून मोहरीएवढा दिसला तरी खाली खड्डा खोल असू शकतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो वरच्या मुलाम्याला ढकलतो आणि फोड येतात.

त्यामुळे वरून कितीही घासलं तरी ते दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. घासू नका असं म्हणत नाही. घासल्यावर ते भोक बुजवायचं विसरू नका, एवढंच.

मीनल_के
रसायनी, सुरेख प्रतिसाद. आता कोलाचं सांगते. आम्ही सायकलच्या हँडलवर केलं होतं. फॉइल पाण्याऐवजी कोलात बुडवून. पाण्यापेक्षा थोडं लवकर काम झालं असं मला वाटलं, पण नंतर सगळं चिकट. दोनदा धुतलं तरी मुंग्यांनी हँडल शोधून काढलं.

धूमकेतू
कोलात फॉस्फरिक आम्ल असतं. गंज काढायची जी तयार द्रावणं मिळतात, त्यातल्या कित्येकांत तेच असतं. गंजाचं फॉस्फेट करून टाकतं.

खटपट्या
असतं हो, पण चिमूटभर. आंबटपणा भरपूर, आम्ल थोडं. सुटे नट-बोल्ट रात्रभर बुडवून ठेवायला कोला ठीक. उभ्या बंपरवर तो थांबतो कुठे? ओघळून खाली. त्यापेक्षा पांढरं व्हिनेगर. ४-५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, साखर नाही. जुनं फडकं किंवा टिश्यू पेपर व्हिनेगरमध्ये भिजवून खरबरीत जागेवर चिकटवून ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. थोड्या वेळाने गंज मऊ पडतो, मग फॉइल. मात्र चांगल्या क्रोमवर उगाच व्हिनेगर फासू नका, फक्त कवच धरलेल्या जागी.

रसायनी
सहमत, एका पुस्तीसह. व्हिनेगर, लिंबू, कोला, काहीही आंबट वापरलं की शेवटी पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्याने पुसायचं आणि मग भरपूर पाणी. आम्ल छिद्रात राहिलं तर दुसऱ्या दिवशी तिथेच ताजा नारिंगी गंज दिसतो. लोक म्हणतात 'उपाय फसला'. उपाय फसलेला नसतो, धुणं अर्धवट झालेलं असतं.

आणि बटाट्यावर हसू नका. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंजावर चालतं. फक्त इतकं थोडं असतं की बंपरभर घासायला पोतंभर लागेल.

तिरकस
पोतंभर बटाटे, मीठ माझ्याकडे आहे. कढई कोण आणतंय?

रसायनी
मीठ घरीच ठेवा. ही चेष्टा नाही, 'लिंबू आणि मीठ चोळा' असा सल्ला सर्रास दिला जातो. मीठ म्हणजे क्लोराइड. गंजाला निमंत्रण.

आजोबा२
चर्चा चांगली चालली आहे. मी गाड्यांमध्ये उभा जन्म काढला, त्यामुळे चार शब्द लिहितो.

फॉइल हलक्या ठिपक्यांना उत्तम. पण आरशाच्या दांड्यावर कवच म्हणताय, तिथे फॉइल दमेल. तिथे बारीकातली बारीक स्टील वूल, म्हणजे केसासारख्या पोलादी तारांचा बोळा, चार शून्याच्या (०००० नंबरच्या) प्रतीचा, आणि ती नेहमी तेलात भिजवून. मशीनचं पातळ तेल, रॉकेल, काहीही. कोरडी कधीच नाही. भांडी घासायची तारेची घासणी तर हातात सुद्धा घेऊ नका, तिचे ओरखडे कायमचे. हिरव्या घासणीतही घासणारे कठीण कण असतात, तीही नको. पितळेची वूल मिळाली तर सगळ्यात बरी, पितळ मऊ.

काम झालं की रॉकेलच्या फडक्याने सगळं पुसून घ्या. स्टील वूलचे बारीक तुकडे खाचांत राहतात आणि ते स्वतःच गंजतात.

आणि पोरांनो, अंगठ्यात जोर आणू नका. गंज वेळ दिला की निघतो.

खटपट्या
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण चार शून्याची वूलसुद्धा नवख्याच्या हाती देऊ नये असं माझं मत. निकेल कुठे उघडं पडलंय ते त्याला कळत नाही. क्रोमवर काही होत नाही, पण निकेल मऊ, त्यावर लगेच रेघा. फॉइलने वेळ लागेल, पण नुकसान होणार नाही.

आजोबा२
खटपट्या, ओळखायला सोपं आहे. क्रोमची झाक निळसर, निकेलची पिवळसर. उजेडात तिरकं धरून बघा. पिवळट भाग दिसला तर तिथे फक्त फडकं आणि पॉलिश. एवढं बघितलं तर नवखाही करू शकतो.

खटपट्या
ही खूण माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

धूमकेतू
आणखी एक शास्त्रीय उपाय : इलेक्ट्रोलिसिस. बादलीत धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, गंजलेला भाग ऋण टोकाला. हात न लावता गंज साफ. सुट्या भागांना झकास.

रसायनी
साध्या लोखंडाच्या भागांना झकास. क्रोम केलेल्यांना नाही. पोलादावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, ते आधीच सुटत आलेला मुलामा उचलू शकतात. आणि चुकून टोकं उलटी लागली तर क्रोम सोड्यात विरघळून जातं. कारखान्यात क्रोम उतरवायची ही दुसरी पद्धत! दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा चमचा तर मुळीच लावू नका. त्यातलं क्रोमियम सहा-संयुजी रूपात पाण्यात उतरतं, ते विषारी आणि कर्करोगकारक आहे.

धूमकेतू
थर्माइटही गेलं, इलेक्ट्रोलिसिसही गेलं. मी फक्त वाचतो आता.

मीनल_के
अहो लिहा तुम्ही! तुमच्यामुळेच तर रसायनींकडून एवढी माहिती बाहेर पडतेय.

पक्कड
सगळे बंपरमागे लागलेत, हेडलाइटच्या कड्यांचं कुणीच बोलत नाही. पांढुरके फोड आणि तपकिरी काही नाही म्हणजे ते लोखंड नव्हेच. जुन्या गाड्यांच्या कड्या, हँडल, बोधचिन्हं जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असायची आणि त्यावर क्रोम. जस्त गंजतं ते पांढरं. तिथे व्हिनेगर लावलंत तर आम्ल जस्ताला आनंदाने खाईल आणि फोडाचं भगदाड होईल. फोड खरवडूही नका. साबणपाणी, कोरडं करणं, वॅक्स. बस्स.

चुंबक लावून बघा. चिकटलं तर खाली पोलाद, नाही चिकटलं तर जस्त, अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक.

स्पॅनर_दहा
पक्कड, चुंबकाबद्दल थोडी असहमती. खिडक्यांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या बऱ्याचदा क्रोमच्या नसतातच, त्या स्टेनलेसच्या असतात. आणि अशा पट्ट्यांना वापरतात त्यातल्या काही जातींना चुंबक मस्त चिकटतं. म्हणजे चुंबक चिकटलं तर 'लोखंड किंवा स्टेनलेस', एवढंच कळतं. स्टेनलेस क्रोमपेक्षा मऊ, त्यावर फॉइलच्या बारीक रेघा उठू शकतात. तिथे टूथपेस्ट किंवा धातूचं पॉलिश बरं.

नव्या गाड्यांच्या ग्रिलवरचं क्रोम बहुधा प्लास्टिकवर असतं. तिथे लाल गंज यायला लोखंडच नाही, त्यामुळे तपकिरी दिसलंच तर ते बाहेरून उडून बसलेले लोखंडाचे कण. साबणाने धुवा, फॉइल लांब ठेवा. आणि काही 'क्रोम' नुसता चंदेरी लेप असतो, वरून लाखेसारखा पारदर्शक थर. त्यावर फॉइल लावलंत तर चंदेरी तुमच्या बोटांना आणि काळं गाडीला.

पक्कड
मान्य. नखाने टकटक केलं तर प्लास्टिक लगेच कळतं. शंका असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात, नाण्याएवढ्या जागेत करून बघावं.

निवांत
गाडीवर गंज राहू द्या की. हल्ली जुनेपणाला भाव आहे.

तिरकस
निवांत, तुमचं नाव तुम्हाला शोभतं.

आजोबा२
अवांतर, पण सांगतो. क्रोमियमचा शोध १७९७ चा, व्होकलँ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने शिशाच्या एका लाल खनिजातून लावला. गाड्यांवर मात्र ते आलं १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल असायचं, ते पिवळट पडायचं आणि सारखं घासावं लागायचं. क्रोम आलं ते 'आता घासायला नको' म्हणून. आणि आपण इथे घासण्यावर धागा चालवतोय.

मीनल_के
हाहाहा! काका, हे भारी.

धूमकेतू
(वाचतच होतो, पण राहवलं नाही.) मग डब्ल्यूडी-४० हे फवारायचं तेल का नको? ते तर गंजासाठीच बनवलेलं आहे. १९५३ साली, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. नावातलं ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं ते.

रसायनी
धूमकेतू, या वेळी पूर्ण गुण! नावातली पहिली दोन अक्षरंही पाणी हटवण्यावरूनच आहेत, आणि तेच त्याचं काम. आजोबांनी सांगितलेल्या तेलाच्या जागी फॉइलबरोबर ते छान चालतं, खाचांतलं पाणीही बाहेर काढतं. फक्त त्याचा पापुद्रा फार पातळ, पावसात टिकत नाही. कायमचं संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नका.

गंजीफा
सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात गप्प होतो कारण हात काळे होते.

पुढचा बंपर फॉइल आणि साध्या पाण्याने केला. खटपट्या, तो 'सुळकन' क्षण अगदी तुम्ही लिहिलाय तसाच येतो. ठिपके गेले, चेहरा दिसतो. पण जवळून पाहिलं तर जिथे ठिपका होता तिथे टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू उरलाय. बोटाला लागत नाही, नखाला लागतो. मागच्या बंपरची कड व्हिनेगरच्या पट्टीने आणि फॉइलने बरीच सुधारली, पण दोन ठिकाणी क्रोम पापडासारखं उचललं गेलं आणि खालून मॅट करडा पत्रा दिसतोय. आरशाचा दांडा आजोबांच्या पद्धतीने केला. निळसर-पिवळसर बघत बघत. एका बाजूला पिवळसर दिसल्यावर थांबलो.

चुंबक फिरवलं. हेडलाइटच्या कड्यांना अजिबात चिकटलं नाही, पक्कड बरोबर होते. त्यांना फक्त धुतलं.

आता काळ्या बिंदूंचं आणि उचललेल्या जागेचं काय करायचं?

रसायनी
काळे बिंदू म्हणजे तेच खड्डे. आतला गंज पूर्ण निघत नाही, निघाला तरी खड्डा भरून येत नाही. आता त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. हेअर ड्रायरने तो भाग कोमट करा, म्हणजे आतला ओलावा जाईल, आणि लगेच वॅक्स. साधं गाडीचं मेणाचं वॅक्स चालेल, दर एक-दोन महिन्यांनी पुन्हा. गाडी झाकून उभीच राहणार असेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. चालत्या गाडीवर जेली नको, धूळ बसून चिखल होतो.

मीनल_के
मोठ्या खड्ड्यांना पारदर्शक नेलपॉलिश! दातकोरणीच्या टोकाने फक्त खड्ड्यात थेंब. सगळीकडे फासायचं नाही, नंतर पिवळं पडून सालं निघतात. खड्ड्यातला थेंब दिसतही नाही. सायकलवर केलंय, अजून टिकून आहे.

खटपट्या
नेलपॉलिश!! हे ऐकून हसणार होतो, पण विचार केला तर बरोबर आहे. लॅकरच ते.

आजोबा२
उचललेल्या जागेला घरगुती उपाय नाही, हे स्पष्ट सांगतो. सुटलेली सालं हलकेच काढा, करडा पत्रा बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून साफ करा. ओलं घासा, कोरडी भुकटी नाकात जाऊ देऊ नका. वर जस्ताचा प्रायमर आणि चंदेरी रंग. लांबून खपून जाईल. तसं नको असेल तर नव्याने प्लेटिंग, आणि तिथे खरा खर्च क्रोमचा नसतो. जुना थर उतरवणं, खड्डे भरणं, घासून आरसा करणं, यात मजुरी जाते. पत्रा जसा असेल तसंच क्रोम दिसतं, ते काही झाकत नाही.

पण त्याआधी एक काम करा. बंपर खोलून मागून बघा. सगळे पुढून घासतात. पाठीमागच्या बाजूला मुलामा विरळच असतो, प्लेटिंग करताना आतल्या वळणांत धातू नीट पोचत नाही. चाकांनी उडवलेला चिखल तिथेच बसतो. मागच्या बंपरची खालची कडच का गेली? कारण चिखल आतल्या घडीत साचून ओला राहत होता. मागून ब्रशने खरवडा, धुवा, वाळवा, गंजरोधक रंगाचे दोन हात द्या आणि पाणी निघायची भोकं बुजली असतील तर मोकळी करा. पुढच्या चमकेपेक्षा त्याने बंपरचं आयुष्य जास्त वाढेल.

स्पॅनर_दहा
आजोबांना जोरदार अनुमोदन. बोल्ट जाम असतील. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, जबरदस्ती करू नका, नाहीतर बोल्टचं डोकं हातात आणि बंपर जागेवर.

गंजीफा
खोलला. आत सुकलेल्या चिखलाचा दोन बोटं जाडीचा थर होता आणि त्यात एक वाळलेलं पान. भोकं गच्च. वरून दिसत होता तो गंज काहीच नाही. खरवडून रंगाचा पहिला हात दिलाय. नेलपॉलिशसाठी घरी विनंती अर्ज केला आहे, पारदर्शकऐवजी चमकीवाली बाटली मिळाली. पुन्हा अर्ज करतो.

तिरकस
चमकीवालीच लावा हो, क्रोमच आहे शेवटी.

वाटसरू
उशिरा आलो, सगळा धागा वाचायला वेळ नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीवर डाग आलेत. व्हिनेगर लावू का, हो की नाही एवढंच सांगा.

पक्कड
जाळी पोलादी आहे की प्लास्टिकची?

वाटसरू
चकचकीत आहे.

पक्कड
नखाने टकटक करा, चुंबक लावा आणि मग या.

वाटसरू
फ्रिजवरचं चुंबक चालेल का?

पक्कड
चालेल. लावायच्या आधी पुसून घ्या.